या चुका टाळा: नवतप्यातलं थंड जेवण का बिघडतं

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी गॅसपाशी उभं राहायची कुणाची छाती होत नाही. मग दहीभात, दडपे पोहे, कैरीची डाळ, पन्हं अशी बिनकटकटीची जेवणं सुरू होतात. हे पदार्थ सोपेच आहेत, पण पुण्याच्या किंवा कोकणातल्या हवेचा हिशेब धरून केले की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या स्वयंपाकघरात फसतात. साहित्यात काही बदलायला नको, घड्याळ तेवढं बदलावं लागतं.

दही आंबट, भाताला पाणी

सगळ्यात जास्त रडगाणं दहीभाताचं, आणि ते बहुतेक वेळा विरजणापाशी सुरू होतं. दह्यातले जिवाणू ४० ते ४५ अंशांना सर्वांत जोमाने काम करतात. डिसेंबरात आपण भांडं शालीत गुंडाळतो ते त्यासाठीच. मे महिन्यात ती ऊब सगळ्या घरालाच असते. तरीही रात्री दहाला नेहमीएवढंच विरजण घालून सकाळी सहाला झाकण उघडलं, तर वर निवळी तरंगणार आणि दात आंबणार. लिटरभर दुधाला अर्धा चहाचा चमचा विरजण पुरे. दूध जेमतेम कोमट हवं. विरजण रात्रीऐवजी सकाळी लावा, साडेतीन-चार तासांनी डोकावून बघा आणि दही धरलेलं दिसलं की लगेच फ्रीजमध्ये सरकवा.

दुसरी चूक म्हणजे गरम भातात दही कालवणं. दही फुटतं आणि तासाभरात भाताखाली पाणी साचतं. भात मऊ शिजवा, गरम असतानाच घोटून त्यात दूध घाला आणि पुरता निवल्यावर दही घाला. डबा न्यायचा असेल तर दूध जास्त, दही कमी. जेवायच्या वेळेपर्यंत चव बरोबर जमते. फोडणीही गार करूनच घाला. काकडी मात्र पानात वाढतानाच मिसळा, नाहीतर तिचं पाणी सुटून सगळी मेहनत वाया.

आणि सकाळचा भात ओट्यावर ठेवून संध्याकाळी त्याचा दहीभात करायचा हा जो काटकसरी बेत असतो, तो उन्हाळ्यापुरता सोडाच. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत, आणि उबेत वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ‘फोडणी दिली की चालतं’ हे म्हणूनच चालत नाही. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर शिजलेलं अन्न तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. ओट्यावर तर याहून कितीतरी जास्त असतं. उरलेला भात परातीत पसरा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. खोल पातेल्यातला भात मधोमध फार वेळ गरम राहतो. वीज गेली तर दार उघडून सारखं बघू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो.

दडपे पोहे वातड किंवा लगदा

इथल्या दुकानात नुसतं ‘पोहा’ म्हटलं की नाश्त्याचा जाड पोहा मिळतो. दडप्यांना पातळच हवेत, आणि ते धुवायचे नाहीत. कांदा, टोमॅटो, काकडी, लिंबू यांच्या रसावरच त्यांनी मऊ व्हायचं. ओला नारळ ग्वाल्हेरला कोकणासारखा हाताशी नसतो, मग ओलावा कमी पडतो आणि लोक पाण्याचा हबका मारतात. त्यापेक्षा दोन-तीन चमचे ताक शिंपडा. वर झाकण, त्यावर खलबत्ता, पंधरा-वीस मिनिटं. उघडे ठेवलेत तर इथल्या कोरड्या हवेत वरचा थर वातड होणारच.

कैरीची डाळ फसफसते

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हे हमखास होतं. दुपारी बायका यायच्या म्हणून हरभऱ्याची डाळ रात्रीच भिजत घालतात आणि सकाळी पाण्यावर फेस असतो. उन्हाळ्यात चार तास पुरेत, मध्ये एकदा पाणी बदला. मग चाळणीत पूर्ण निथळू द्या आणि पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटा. डाळ कच्चीच असते, त्यामुळे बायका यायच्या तासभर आधी कालवावी आणि तोवर वाटलेली डाळ फ्रीजमध्ये असावी. कैरी सगळी एकदम ओतू नका. एखादी इतकी आंबट निघते की साखर घालून घालून शेवटी डाळीचा गोड पदार्थच होतो.

पन्हं एकदम पातळ करून घागरभर ठेवू नका. गर आणि गूळ घोटून काचेच्या बरणीत ठेवा, पाणी पिताना घाला. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात पन्हं काय, ताकही नको. आंबटात धातू उतरतो.

ताक घुसळताना लोणी येत नसेल तर दोष रवीचा नाही. साय गरम असली की लोणी मऊ होऊन ताकातच विरून राहतं. भल्या सकाळी घुसळा आणि थोडं बर्फाचं पाणी घाला, गोळा वर येईल.

खिशात कांदा ठेवला की लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही, असं इथे सगळेच सांगतात. कांदा कोशिंबिरीत घाला, निदान तोंडी लावणं तरी होईल.

माठ गार का होत नाही

माठ पाणी गार करतो ते बाहेर झिरपलेलं पाणी उडून जातं म्हणून. कोंदट कोपऱ्यात ठेवला किंवा साबणाने घासून त्याची छिद्रं बुजवली, तर तो नुसतं पाणी साठवतो. खिडकीशी, वारा लागेल असा ठेवा. दह्याचं भांडं पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाकायची युक्तीही याच तत्त्वावर चालते, पण हवा कोरडी असेपर्यंतच. जूनअखेर दमट हवा सुरू झाली की माठ, फडकं आणि कूलर तिघंही एकदम हात टेकतात. तेव्हापासून डाळ भिजवायला पाणी फ्रीजमधलं घ्यावं आणि दही लागलं की फडक्याच्या भरवशावर तासभरही ठेवू नये.