हरवणारा डिस्क इंटरप्ट: माझा अनुभव

एनसीक्यू (डिस्कला एकाच वेळी अनेक कमांड देण्याची सोय) चालू असलेल्या साटा डिस्कवर लोड टाकला की मध्येच सगळं थिजायचं आणि 30 सेकंदांनी टाइमआउट होऊन गाडी पुढे सरकायची. लिनक्समध्ये डिस्क कमांडचा डीफॉल्ट टाइमआउट तेवढाच. म्हणजे डिस्क काम संपवत होती, ड्रायव्हरला पत्ताच नव्हता. हँडलरमध्ये (डिस्कचा इंटरप्ट, म्हणजे ‘काम झालं’ हा इशारा, आला की चालणाऱ्या कोडमध्ये) प्रिंट टाकलं की बग गायब! असं झालं की मी सरळ टायमिंगवर संशय घेतो.

आमच्या हाती आलेल्या एएचसीआय (साटा कंट्रोलरशी बोलण्याचं मानक) ड्रायव्हरचा हँडलर आधी पोर्टचं सॅक्ट रजिस्टर (कुठल्या कमांड अजून बाकी आहेत ते दाखवणारं) वाचून कुठल्या कमांड संपल्या ते बघायचा, आणि नंतर इंटरप्ट स्टेटस (इंटरप्ट आल्याची खूण ठेवणारं रजिस्टर) साफ करायचा. या दोन ओळींमधल्या फटीत एखादी कमांड संपली, तर ती मोजली जायची नाही, पण तिची खूण मात्र पुसली जायची.

क्रम उलटा केला: आधी स्टेटस वाचून तीच किंमत परत लिहून ते साफ करायचं, मग सॅक्ट वाचायचं. आता फार तर एखादा रिकामा इंटरप्ट येतो, त्याने काही बिघडत नाही.

खात्रीसाठी जुन्या कोडमध्ये त्या दोन ओळींमध्ये मुद्दाम यूडिले (काही मायक्रोसेकंद थांबवणारं फंक्शन) घातला. टाइमआउटची रांगच लागली. नव्या क्रमात तोच डिले ठेवूनही एकही नाही.