नटवा फॉन्ट, फक्त नावापुरता

मी चिपळुणात लेबलं करते. आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ, तळलेले गरे, मसाले, अधूनमधून एखाद्या खानावळीची पाटी. गिऱ्हाईक आलं की मोबाइलमध्ये एखाद्या फॉन्टचा स्क्रीनशॉट असतोच आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, हे असं वळणदार पायजे." त्या चित्रात बहुधा 'स्वाद' किंवा 'परंपरा' असं काहीतरी लिहिलेलं असतं. अशा शब्दांत कुठलाही फॉन्ट देखणाच दिसतो. तुमच्या धंद्याचं नाव काय, यावर सगळं ठरतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे गूगल फॉन्ट्स या वेबसाइटवर जाऊन देवनागरी निवडायचं आणि नमुन्याच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव टाइप करायचं. पूर्ण म्हणजे 'ॲग्रो', 'फूड्स', 'गृहउद्योग' जे काही शेवटी येतं त्यासकट. ॲ हे अक्षर काही फॉन्टांत नसतंच. मग तिथे रिकामी चौकट येते, नाहीतर भलत्याच फॉन्टमधला ॲ येऊन बसतो. 'सह्याद्री'तला ह्य, 'श्रद्धा'तला द्ध, 'वऱ्हाडी'तला ऱ्ह, सगळे नीट जुळतात का बघा. ऱ्ह टाइप करताना नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि मग ह. साधा र घेतलात तर रफार होऊन ह च्या डोक्यावर चढेल. तो दोष टाइप करणाऱ्याचा, फॉन्टचा नव्हे.

मग ल आणि श बघा. 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण धरले. पुष्कळ फॉन्टांत मात्र हिंदी वळणाचा दांडीवाला ल आधी येतो. काहींत दोन्ही रूपं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं. हे कुणाला कळतंय, असं म्हणू नका. 'कोल्हापुरी' आणि 'मालवणी' अशी नावं घेऊन दांडीचा ल लावलेली लेबलं मला तरी परक्या गावची वाटतात.

आता स्वभाव. मोदक हा मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट इतका गुटगुटीत आहे की अक्षरांच्या पोटातली पोकळी जेमतेम उरते. मिठाईच्या किंवा मुलांच्या खाऊच्या मोठ्या पाकिटावर तो मस्त दिसतो. छोट्या बाटलीवर शाई जराशी पसरली की पोकळ्या बुजतात आणि घ कुठला, ध कुठला कळेनासं होतं. रोझा वनचं उलट आहे. जाड रेघ खूप जाड, बारीक रेघ अगदी बारीक. साडीच्या दुकानाला शोभतो, पण कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग केलं की बारीक रेघ तुटते. यात्रा वन हा मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. वडापाव, चहा, खानावळ यांना तो छान बसतो. सोनाराने त्याच्या वाटेला जाऊ नये. जैनी हा जुन्या जैन पोथ्यांच्या अक्षरांवरून केलेला. औषधी तेलं, उटणी, अत्तर अशा मालाला त्याचा भारदस्तपणा खपून जातो. आणि इंग्रजी अक्षरांना शिरोरेषा ओढून देवनागरीचं सोंग देणारे जे फॉन्ट असतात, ते परदेशातल्या करी-हाउसला लखलाभ. आपल्याकडे खरी देवनागरी आहे.

एवढं करून आवडलेला फॉन्ट फक्त नावाला लावायचा. घटक पदार्थ, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, हे सगळं मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्ये. 'साहित्य: मिरची, धणे, खोबरं' नटव्या अक्षरांत लिहिणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासायला बसणं. 'घरगुती चवीचा' वगैरे ओळसुद्धा साध्यातच ठेवा. ती नटली की नावाकडे कोण बघणार?

लांबट जागा भरायची म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत चालतं, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात. जागा उरली तर नाव मोठं करा किंवा जागा मोकळी राहू द्या. फॉन्ट आडवा ताणणं तर नकोच, काने जाडजूड होतात आणि शिरोरेषा तेवढीच राहते.

इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणार असाल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स दाखवायला सांगा आणि परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोजर, म्हणजे आपल्या लिपीची अक्षरं जुळवणारी सेटिंग, लावा. नाहीतर 'चिपळूण'ची वेलांटी च च्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. गावातल्या डीटीपीवाल्याकडे बऱ्याचदा जुने, युनिकोड नसलेले, म्हणजे सगळ्या मोबाइल-कॉम्प्युटरना न कळणारे फॉन्ट असतात. छपाईला ते चालतात. पण तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवलात की नुसती अगम्य चिन्हं पोचतात. नाव एकदा पक्कं झालं की अक्षरांचे कर्व्ह करून घ्या, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून घ्या, म्हणजे पुढे कुणाच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट असला-नसला तरी बिघडत नाही.

कर्व्ह केल्यावर खरी मजा सुरू होते. गूगल फॉन्ट्सवरचे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठी वापरायला पैसे पडत नाहीत. म्हणूनच समोरच्या दुकानातही तोच फॉन्ट असू शकतो. तेव्हा एखादी वेलांटी लांबवा, एखाद्या उकाराला वळण द्या, शिरोरेषा एका टोकाला मालाच्या आकाराची करा. एकच बदल, तोही वाचता येईल इतपत. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं शोधून बघा. नावाचा अर्थ अक्षरांच्या अंगात कसा उतरवायचा, ते तिथे शिकायला मिळतं.

दुकानाची पाटी असेल तर कायदाही बघावा लागतो. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी नाव देवनागरीत आणि आधी लावावं लागतं. इतर लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. त्यामुळे आधी इंग्रजी लोगो करून मग खाली कोपऱ्यात मराठी कोंबणं, हा प्रकार बाद. मराठीतूनच सुरुवात करा आणि इंग्रजी अक्षरं त्याच्या वळणाला जुळतील अशी निवडा.

छापायला टाकण्याआधी लेबल खऱ्या मापात साध्या कागदावर काढा, बरणीला चिकटवा, फडताळात इतर बरण्यांत ठेवा आणि दारातून बघा. मग एकदा फक्त काळ्या रंगात काढून बघा, कारण रबरी शिक्का आणि बिलबुक त्याच रंगात होणार. घरातल्या एखाद्या आजीला चष्म्याशिवाय वाचायला सांगा. ती अडखळली तर फॉन्ट बदला, आजीशी वाद घालू नका.

व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत पूर्ण नाव मावत नाही. तिथे पहिलं अक्षर पुरे, पण शिरोरेषेसकट. भिंतीवर रंगवून घ्यायचं असेल तर रंगाऱ्याला मोबाइलवर फोटो पाठवू नका, तो डोळ्यांच्या अंदाजाने काढेल आणि ल पुन्हा दांडीचा होईल. मोठ्या कागदावर खऱ्या मापाची प्रिंट काढून द्या. तो कडेने भोकं पाडून, पूड मारून छाप उठवतो आणि मग रंग भरतो.