हात मोडल्यावर या चुका टाळा: हाडाआधी बोटांकडे बघा

पाऊस सुरू झाला की शेवाळलेलं अंगण, ओली फरशी, जिन्याची बुळबुळीत पायरी यांवरून घसरून पडणाऱ्यांची संख्या वाढते. पडताना माणूस नकळत हात पुढे टेकतो, सगळा भार तळहातावर येतो आणि मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली याचं वर्णन केलं, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. आजही त्याला कॉलिस फ्रॅक्चरच म्हणतात.

मोडलेलं हाड बहुतेक वेळा जुळतं. मोठ्या माणसाच्या मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, लहान मुलांना त्याहून कमी. हाताचं कायमचं नुकसान होतं ते बरेचदा हाडाभोवतालचे स्नायू, नसा आणि सांधे बिघडल्यामुळे. त्यातलं पुष्कळसं पहिल्या एक-दोन दिवसांत, मायेपोटी केलेल्या उपायांनी होतं.

"बोटं हलतायत, म्हणजे मुका मार असेल"

हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. बोटं हलवणारे मुख्य स्नायू कोपराखाली सुरू होतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून पुढे बोटांत जातात. त्यामुळे खालचं हाड मोडलेलं असलं तरी बोटं हलू शकतात. त्यापेक्षा हे बघा: एका ठरावीक जागी दाबल्यावर कळ येते का, मनगटाचा आकार बदललाय का, भरलेला पेला उचलता येतो का. शंका आली तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नका. तिथल्या छोट्या हाडाची चीर सुरुवातीला अनेकदा दिसतच नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात, आणि तोवर हात बांधून ठेवतात. या हाडाला रक्तपुरवठा तोकडा असतो. दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि काही वर्षांनी मनगट झिजायला लागतं.

बांगड्या आणि अंगठी तशीच ठेवणं

हात दुखावला की पहिल्या काही मिनिटांतच बांगड्या, पाटल्या, अंगठी, घड्याळ, मनगटातला दोरा काढा. सूज चढल्यावर अंगठी निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठाच आवळला जातो. साबण लावूनही निघत नसेल तर कापून घ्यावी. सौभाग्याचा चुडा म्हणून घरातल्या मोठ्या बायका कचरतात. त्यांना समजावून सांगा, पण वेळ घालवू नका.

आणखी एक लहानशी गोष्ट. दवाखान्यात जाताना धीर यावा म्हणून चहा-बिस्किटं देऊ नका. हाड बसवायला भूल द्यावी लागली तर पोट सहा तास रिकामं लागतं. दुधाचा चहाही त्यात खाण्यातच धरतात.

चोळणं, शेकणं आणि आवळून बांधणं

सगळ्यात जास्त हात यानं अधू होतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा-सात वर्षांचं पोर झाडावरून पडतं, कोपर सुजतं. कुणीतरी गरम तेलानं चोळतं, मग हाडवैद्याकडे नेतात. लोक तिथे का जातात हे समजण्यासारखं आहे: तो जवळ असतो, ओळखीचा असतो, पैसे कमी घेतो. तो हात ओढून बसवतो, आंबेहळदीचा लेप देतो, वर बांबूच्या कामट्या घट्ट बांधतो. संध्याकाळी पोर जास्तच रडायला लागतं. घरचे म्हणतात, "हाड बसतंय, दुखणारच." रात्री बोटं थंड पडतात, मुंग्या येतात, आणि मग पोर रडायचं थांबतं. घरच्यांना हायसं वाटतं. खरं तर नस बधिर झालेली असते.

आत काय घडतं ते असं. हाताचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणात गुंडाळलेले असतात. मार लागल्यावर आत सूज वाढते, बाहेरून पट्टा आवळलेला असतो, दाब इतका चढतो की बारीक रक्तवाहिन्या मिटतात. सहा तासांच्या आसपास स्नायू मरायला लागतात. मेलेला स्नायू आक्रसतो आणि बोटं पंज्यासारखी वाकून तशीच राहतात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी घट्ट पट्ट्यांनंतर होणारी ही विकृती १८८१ साली मांडली.

धोका ओळखण्याची खूण अशी: दुखणं वेदनाशामक देऊनही वाढत जातं आणि दुसऱ्यानं रुग्णाची बोटं हळूच सरळ केली तरी रुग्ण कळवळतो. अशा वेळी बांधलेलं सगळं लगेच सोडा, हात हृदयाच्या पातळीत ठेवा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोचा. सकाळची वाट बघू नका.

चोळण्याचं दुसरं नुकसान सावकाश दिसतं. मार बसलेल्या कोपराभोवती वारंवार मालीश केलं तर स्नायूत नवीन हाड तयार होऊ शकतं आणि कोपर अडकून बसतं. शेकानं सूज वाढते, म्हणून पहिले दोन दिवस शेक नको. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा. आधारासाठी घडी केलेलं वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा हाताखाली धरून ओढणी सैलसर बांधली तरी पुरतं.

प्लास्टर घातलं की काम संपलं, असं समजणं

दवाखान्यातलं प्लास्टरही सूज वाढल्यावर आवळू शकतं. पहिले दोन-तीन दिवस हात लोंबकळू देऊ नका. झोपताना दोन उशांवर ठेवा. दर तासाला बोटं पूर्ण मिटा, पूर्ण उघडा. नख पांढरं होईपर्यंत दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं निळसर, गार किंवा बधिर झाली, दुखणं वाढत गेलं, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, प्लास्टर चिरून घ्यायला जा. "हाड हलेल" ही भीती बाजूला ठेवा. हललेलं हाड पुन्हा बसवता येतं, मेलेला स्नायू परत येत नाही.

खाज सुटते तेव्हा आत फूटपट्टी किंवा विणायची सुई घालू नका. आतली जखम दिसत नाही आणि चिघळते. साधं प्लास्टर पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात. अंघोळीला वरून प्लास्टिक बांधा. आणि तंबाखू, मिसरी, सिगारेट या दिवसांत तरी बंदच ठेवा. निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर लागतो.

खांदा न हलवणं ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते. गळपट्टीत हात अडकवून माणूस दीड महिना बसून राहतो आणि मनगट सुधारतं तोवर खांदा आखडलेला असतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा हात डोक्यावर नेऊन आणा.

प्लास्टर निघाल्यावर हात बारीक, कडक, सालपटं निघणारा दिसतो. कोमट पाण्यात हात बुडवून स्वतः मनगट हलवा. दुसऱ्याकडून जोरानं वाकवून घेऊ नका. हात लालसर, चकचकीत, स्पर्शही न सोसणारा झाला तर लगेच दाखवा.

पन्नाशीनंतर मनगट मोडूनही हाडांची तपासणी न करणं

उभ्या उंचीवरून नुसतं पडल्यानं हाड मोडलं, तर हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा माणसाला पुढे मणका किंवा खुब्याचं हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. प्लास्टर काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. त्यात टी-स्कोअर (निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली आला, तर फक्त कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागत नाही, हाडांची झीज रोखणारं औषध लागतं. त्यातली नेहमी दिली जाणारी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासोबत घेतली तर ती अंगी लागत नाही, आणि घेऊन लगेच झोपलं तर अन्ननलिकेला इजा होते.