थंडीत टोमॅटोचं झाड जपताय? या चुका टाळा

दसरा-दिवाळीपर्यंत भरपूर टोमॅटो देणारं कुंडीतलं झाड डिसेंबर लागला की रुसून बसतं आणि आपण ते उपटून टाकतो. खरं तर टोमॅटो मुळात अनेक वर्षं जगणारं झाड आहे. थंडीचे दोन महिने निभावून नेले, तर फेब्रुवारीच्या अखेरीस फळ धरतं. जानेवारीत बी पेरणाऱ्याचे टोमॅटो लागायला एप्रिल उजाडतो आणि तोवर नाशिकचं ऊन फुलं गाळायला लागलेलं असतं.

अडचण एकच, यावरचे बहुतेक सल्ले बर्फाच्या देशातले असतात. तिथे झाड घरात नेलं नाही तर मरतं. आपल्याकडे तसं नाही. आपल्याला फक्त रात्र सांभाळायची आहे.

झाड हॉलमध्ये आणून ठेवणं

पहिल्या वर्षी मी हेच केलं. कुंडी टीव्हीशेजारी मांडली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आजारी आहे का ते, घरात निजवलंस?" तीन आठवड्यांत दांडा फिकट, लांबुडका झाला, दोन पानांमधलं अंतर चांगलं वीतभर. खालची पानं पिवळी पडून गळली. खिडकीपासून चार-पाच फूट आत आपल्या डोळ्यांना उजेड पुरेसा वाटतो, टोमॅटोला तो अंधारच. त्याला निदान सहा तास थेट ऊन हवं.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं. कुंडी तिथेच ठेवा. उत्तरेची गॅलरी असेल तर हा खटाटोप करूच नका, किंवा गच्चीवर जागा मिळवा. एलईडी दिवा लावणार असाल तर रात्री तो बंद करा. चोवीस तास उजेडात टोमॅटोची पानं उलट पिवळी पडतात.

निफाडचा आकडा वाचून घाबरणं

थंडीच्या बातम्यांमध्ये निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं तापमान येतं. ते उघड्या शिवारातलं. शहरातल्या गॅलरीत भिंती दिवसभर शोषलेलं ऊन रात्री सोडत असतात, तिथे पारा थोडा वरच राहतो. अंदाज बांधण्यापेक्षा साधा थर्मामीटर कुंडीजवळ टांगा. रात्री १० अंशांच्या खाली जायला लागला की झाड झाका किंवा रात्रीपुरतं आत घ्या आणि सकाळी पुन्हा उन्हात.

झाकायला जुनी सुती साडी उत्तम. प्लॅस्टिकचा कागद पानांना चिकटला की आतून घाम धरतो आणि मग पानं करपवणारा करपा रोग आलाच. कुंडी थेट फरशीवरही नको, खाली दोन विटा किंवा लाकडी पाट द्या. पानांची खालची बाजू जांभळट दिसली की लोक लगेच खत घालतात. बऱ्याचदा खत कमी पडलेलं नसतं. मुळं गारठली की त्यांना मातीतलं स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, एवढंच. ऊब आली की नवी पानं हिरवी येतात.

म्हातारं झाड जपण्याचा हट्ट

चार महिने फळ देऊन थकलेल्या झाडापेक्षा त्याचा फुटवा लावणं मला जास्त पटतं. पान आणि दांडा यांच्या बेचक्यातून निघालेला वीतभर फुटवा खुडा, खालची पानं काढा, ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचा आणि सावलीत ठेवा. दिवाळीच्या सुमारास आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात. डिसेंबरात हेच काम रेंगाळतं, म्हणून थंडी जोर धरायच्या आत उरका. चेरी टोमॅटोसारख्या सतत वाढणाऱ्या जाती यासाठी चांगल्या. ठरावीक उंचीला थांबून एकदम फळणाऱ्या जातींच्या मागे लागू नका.

फुटवा मात्र निरोगी झाडाचाच. शेंड्याची पानं बारीक, चुरडलेली, कडांना पिवळी असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू समजा. त्याला औषध नाही, झाड उपटा. खालची जुनी पानं नुसती वर वळली असतील तर घाबरायचं कारण नाही.

पांढरी माशी गॅलरीत आली की जास्वंदीवरही जाते, माझ्याकडे गेलीच. कुंडी हलवली की पिठासारखा ढग उडतो. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे दोन थेंब, पानांच्या खालून, संध्याकाळी, आठवड्यातून एकदा.

रोज पाणी घालणं

थंडीत माती वाळत नाही. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर तांब्या खाली ठेवा. पाणी सकाळीच घाला. नवी वाढ सुरू होईपर्यंत खत बंद. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर पानं दणकट येतात आणि फूल दिसत नाही.

फुलं गळतात म्हणून औषधं फवारणं

रात्रीचं तापमान साधारण १३ अंशांच्या खाली असेल तर पराग नीट तयार होत नाही, फूल देठापासून सुटून पडतं. त्याला टॉनिक काय करणार? डिसेंबरातली फुलं मी सरळ खुडून टाकते.

संक्रांतीनंतर रात्री सैल होतात, तेव्हाच्या फुलांकडे लक्ष द्या. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण पराग झटकावा लागतो. उघड्यावर वारा आणि भुंगे ते करतात, बंद गॅलरीत कोणी नसतं. सकाळी दहा-अकराला घोसाच्या मागच्या देठाला टिचकी मारा. ऊन चांगलं असेल तर पिवळी धूळ उडताना दिसते. फूल सुकून मागे हिरवा मणी राहिला, की त्या घोसाचं काम झालं.

फेब्रुवारीत झाड गच्चीवर हलवायचं असेल तर एकदम भर उन्हात नेऊ नका. पहिल्या दिवशी सकाळचा तासभर, मग रोज थोडं वाढवत आठवडाभरात पूर्ण ऊन. माझ्या झाडाची पानं एका दुपारीच कागदासारखी पांढरी पडली होती, आणि घोसावर तेव्हा सात मणी होते.