घोडी आणि कारवानी कुत्रीचे वेत सांभाळताना

घोडी साधारण अकरा महिन्यांनी विते, तर कारवानी (शिकारी कुत्र्यांची एक देशी जात) कुत्री सुमारे ६३ दिवसांनी. म्हणून ही दोन्ही जनावरे पाळणाऱ्या पती-पत्नीने तारखा एकाच वहीत लिहाव्यात आणि दोन्ही वेत एकाच आठवड्यात येणार नाहीत, असे पाहावे. घोडीच्या सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसू लागले, की दोघांपैकी एकाने तबेल्यातच झोपावे, कारण ती बहुधा रात्रीच विते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत चीक प्यावे आणि तीन तासांत वार (गर्भाभोवतीचे आवरण) पडावी. यातले काही चुकले, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवावे. अडकलेली वार हाताने कदापि ओढू नये. कुत्रीला कोरडी, उबदार, वेगळी खोली द्यावी. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्ले विकण्यास २०१७च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.