मराठी ई-मेल उघडताना थंडरबर्ड अडखळत असेल तर

ग्रामपंचायतीच्या किंवा सेवा केंद्राच्या जुन्या संगणकावर इंग्रजी ई-मेल चटकन उघडतो, पण पंचायत समितीकडून आलेले मराठी पत्र उघडताना खिडकी काही क्षण पांढरी राहते आणि पत्रांची यादी वरखाली सरकवताना झटके बसतात. अशा वेळी पहिला संशय इंटरनेटवर जातो, कारण खेड्यातल्या जोडणीचा भरवसा नसतोच. मात्र यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट आणि साधे इंग्रजी अक्षर १ बाइट घेत असले, तरी पानभर मराठी मजकूर काही किलोबाइटांच्या पुढे जात नाही. सोबत जोडलेला एखादा फोटो त्याहून कितीतरी जड असतो. म्हणून संगणक बदलण्याचा ठराव मांडण्यापूर्वी पुढील तपासणी करावी. येथील सूचना थंडरबर्ड या ई-मेल वाचण्याच्या सॉफ्टवेअरसाठी आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये मेनूंची नावे वेगळी असली तरी तपासण्याची पद्धत बदलत नाही.

आधी दोष कोठे आहे ते ठरवावे

स्वतःच्याच पत्त्यावर सारख्या लांबीचे दोन संदेश पाठवावेत, एक पूर्ण इंग्रजीत आणि दुसरा पूर्ण मराठीत. मराठी संदेशात वर्धा, दारव्हा, चिखली, दर्यापूर, चंद्रपूर अशी गावांची नावे आणि ‘शेतकऱ्यांच्या’सारखे शब्द मुद्दाम घालावेत, म्हणजे रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे या सर्वांची परीक्षा होते. दोन्ही संदेश उतरल्यावर ‘फाइल’ मेनूतील ‘ऑफलाइन’ पर्यायाने जोडणी तोडावी, थंडरबर्ड बंद करून पुन्हा सुरू करावे आणि दोन्ही संदेश एकामागून एक उघडावेत. दोन्ही सारखेच रेंगाळले तर दोष मराठीचा नाही. मेलबॉक्स फुगलेला आहे किंवा यंत्राची मेमरी अपुरी पडते आहे. फक्त मराठी संदेश अडखळला आणि लगेच दुसऱ्यांदा उघडताना तोच चटकन दिसला, तर वेळ बहुधा फॉन्ट शोधण्यात आणि अक्षरे जुळवण्यात जातो आहे, कारण एकदा मांडलेले शब्द थंडरबर्ड काही काळ स्मरणात ठेवते.

देवनागरीला जास्त काम का पडते, हे ठाऊक असले म्हणजे पुढील उपाय आंधळेपणाने करावे लागत नाहीत. इंग्रजी मजकुरात बहुतेक वेळा एका अक्षराला एक आकृती पुरते. ‘वर्धा’ हा शब्द मात्र व, र, हलन्ताचे चिन्ह, ध आणि काना अशा ५ चिन्हांनी साठवलेला असतो आणि पडद्यावर आणताना त्यातला र उचलून धच्या डोक्यावर रफार म्हणून बसवावा लागतो. ‘चिखली’तली पहिली वेलांटी साठवताना चच्या नंतर येते, पण दिसताना आधी. ही जुळणी आजचा संगणक सहज करतो. खरा खोळंबा होतो तो संदेशात सांगितलेला फॉन्ट यंत्रावर नसला किंवा त्यात देवनागरी नसली तर, कारण मग सॉफ्टवेअर बसवलेल्या इतर फॉन्टांत चालणारा फॉन्ट हुडकू लागते, आणि यंत्रावर डीटीपीच्या दुकानातून आणलेले शेकडो फॉन्ट असले तर हा शोध लांबतो.

फॉन्ट एकदाच नेमून द्यावा

थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ विभागात ‘लँग्वेज अँड अपिअरन्स’खाली फॉन्टच्या ‘अॅडव्हान्स्ड’ बटणावर जावे. उघडलेल्या चौकटीत वरच्या यादीतून ‘देवनागरी’ निवडावे. ‘लॅटिन’ (इंग्रजीची लिपी) निवडलेले ठेवून केलेला बदल मराठीला लागू होत नाही, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. मग सेरिफ, सॅन्स-सेरिफ आणि मोनोस्पेस या तिन्ही फॉन्टप्रकारांच्या जागी यंत्रावर असलेला एकच चांगला फॉन्ट द्यावा. विंडोज ८ पासून पुढे ‘निर्मला यूआय’ असतो, लिनक्सवर ‘लोहित देवनागरी’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ चालतो. ‘मंगल’ सर्वत्र असेलच असे गृहीत धरू नये. विंडोज १० मध्ये तो देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात गेला असून यंत्रावर भारतीय भाषा बसवलेली नसेल तर वेगळा घ्यावा लागतो. मोनोस्पेसची जागा रिकामी सोडू नये, कारण साध्या मजकुराचे संदेश थंडरबर्ड त्याच फॉन्टमध्ये दाखवते आणि सर्व अक्षरे सारख्या रुंदीची असलेले देवनागरी फॉन्ट विरळाच.

त्याच चौकटीत, संदेशांना इतर फॉन्ट वापरू देण्याच्या पर्यायावरची खूण काढली की प्रत्येक पत्र तुम्ही नेमलेल्या फॉन्टमध्येच उघडते. हा एकटा बदल इतर सर्व उपायांपेक्षा अधिक उपयोगी ठरतो, असे माझे मत आहे. त्याची एक किंमत आहे. शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समान पद्धतीत नसतो. तो इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकृत्या बसवून तयार केलेला असतो, त्यामुळे त्याचा मूळ फॉन्ट काढून घेतला की त्याची निरर्थक इंग्रजी अक्षरे होतात. असे पत्र आले तर खूण तेवढ्यापुरती परत लावावी, आणि पाठवणाऱ्या कार्यालयाला यापुढे युनिकोडमध्ये पाठवण्याची विनंती करावी.

यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘पर्सनलायझेशन’मध्ये फॉन्टांची यादी पाहून लग्नपत्रिकांचे आणि बॅनरचे जे फॉन्ट कामाचे नाहीत ते पेन ड्राइव्हवर उतरवून काढून टाकावेत. विंडोजसोबत आलेल्या फॉन्टांना हात लावू नये, आणि जुने दाखले किंवा ठराव ज्या फॉन्टमध्ये आहेत तोही राहू द्यावा. मग संगणक पुन्हा सुरू करावा.

तरीही वेग आला नाही तर

‘हेल्प’ मेनूतील ‘ट्रबलशूट मोड’मध्ये थंडरबर्ड चालवून तेच दोन संदेश उघडावेत. तिथे वेग सुधारला तर दोष एखाद्या अॅड-ऑनचा (वरून बसवलेल्या जोड-सोयीचा) किंवा हार्डवेअर अॅक्सिलरेशनचा, म्हणजे पडद्यावर मांडणीचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवण्याच्या सोयीचा असतो. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या यंत्रावर ही दुसरी सोय बंद केलेली बरी. उत्तर टंकतानाच अक्षरे मागे पडत असतील तर टंकताना होणारी शुद्धलेखन तपासणी बंद करून पाहावी.

भारनियमनात वीज गेली आणि यूपीएस नसल्याने संगणक एकाएकी बंद पडला, तर फोल्डरची सूची बिघडू शकते. त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रिपेअर फोल्डर’ने ती नव्याने तयार होते. आयमॅप खाते (ज्यात संदेश सर्व्हरवर राहतात) असेल तर संदेश पुन्हा उतरवावे लागू शकतात, म्हणून हे काम जोडणी चांगली असताना करावे. पुसलेल्या संदेशांची जागा ‘कॉम्पॅक्ट’ने मोकळी होते.

काही संदेश मात्र कोणत्याही संगणकावर जडच जातात. लाभार्थ्यांची हजार ओळींची यादी तक्त्यासह थेट मजकुरात चिकटवलेली असते आणि प्रत्येक उत्तरागणिक ती पुन्हा खाली जोडली जाते. मग सॉफ्टवेअरला प्रत्येक नावाची जुळणी आणि प्रत्येक रकान्याची रुंदी मोजावी लागते. असे पत्र ‘व्ह्यू’ मेनूतील ‘मेसेज बॉडी अॅज’मधून साध्या मजकुरात पाहावे, उत्तर देताना खालचा जुना मजकूर पुसावा, आणि यादी स्प्रेडशीटच्या फाइलीत जोडून पाठवण्याचा आग्रह धरावा.