माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात कळव्याच्या एका मुलाने त्याच्या आजोबांचं रेकॉर्डिंग मला ऐकायला पाठवलं. २२ मिनिटांची फाईल. मी घड्याळ लावून ऐकली, तर जवळजवळ १२ मिनिटं नातूच बोलत होता. "आजोबा, तेव्हा वागळे इस्टेट म्हणजे सगळं रानच असेल ना? आणि कंपनी बंद पडल्यावर तुम्हाला खूप वाईट वाटलं असेल ना?" आजोबा म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार?

प्रश्नातच उत्तर भरून द्यायची ही खोड मी वर्षानुवर्षं ऐकतेय, आणि दर वेळी जीव तुटतो. कारण आपल्याकडे ऐकण्यासारखं फार आहे आणि सांगणारे भराभर जातायत. १८५३ साली पहिली गाडी ठाण्याला आली हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण १९६० नंतर वागळे इस्टेटमध्ये पहिल्या पाळीला कामावर गेलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली. तेव्हा भातशेती नि मिठागरावर राबणाऱ्या बायका आज पणज्या झाल्या आहेत. त्यांच्यासमोर बसायची संधी बहुतेक वेळा एकदाच मिळते. ती कशी वाया जाते ते सांगते.

समोरचा थांबला की तोंड उघडणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती मी स्वतः केली आहे.

नौपाड्यात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात त्यांनी २३ वर्षं काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा नवरा आधीच गेलेला, दोन मुलं शाळेत. मी गेले तेव्हा काकू ७४ वर्षांच्या होत्या. बोलणं छान लागलं होतं. हजेरीचं कार्ड, जेवणाच्या सुट्टीत सहा जणींनी डबे एकत्र करून खाणं, बोनस हातात पडला की तशाच जांभळी नाक्याला जाऊन मुलांना कपडे घेणं. मग त्या म्हणाल्या, "गेटवर नोटीस लागली ना, त्या दिवशी मी घरी गेलेच नाही." आणि थांबल्या.

रेकॉर्डिंगवर ४० मिनिटं १२ सेकंदांपासून शांतता आहे. पंखा ऐकू येतो, खालून एक स्कूटर जाते. चार सेकंद. मग माझा आवाज: "काकू, पाणी देऊ का?"

"नको गं. हां, तर काय सांगत होते मी, बोनसचं." आणि त्या परत बोनसवर गेल्या.

पुढच्या भेटीत मी विषय काढला. "काही नाही गं, बसले होते कुठेतरी," एवढंच म्हणाल्या. त्या दिवाळीनंतर काकू गेल्या. मी ती फाईल त्यांच्या थोरल्या मुलाला दिली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला: "त्या रात्री आई कुठे होती?" तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. धाकट्याला दूधपोळी भरवून त्याने झोपवलं होतं आणि दाराला पाठ लावून बसला होता, एवढं त्याला आठवत होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या चार सेकंदांत ते ओठांवर आलं होतं आणि मी पाणी विचारलं.

तेव्हापासून माणूस थांबला की मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजते, सावकाश. हात मांडीवर. मान हलवते, पण "हं, हं" करत नाही, कारण तो हुंकार रेकॉर्डिंगवर नेमका त्यांच्या शब्दावर चढतो. पाण्याचा तांब्या आणि भांडं सुरुवातीलाच त्यांच्या हाताशी ठेवते, म्हणजे पाण्याच्या निमित्ताने बोलायची सोयच राहत नाही. डोळे भरून आले तरी रेकॉर्डरवर झडप घालू नका. त्यांनी आपल्याकडे पाहिलं की मग हळूच विचारा, "थांबूया का थोडं?" दहातले आठ जण "नको, असू दे" म्हणतात आणि पुढे बोलतात.

नवीन मुलांना वाटतं, शांतता आली म्हणजे मुलाखत पडली. तसं नाही. तेव्हा माणूस आठवत असतो, किंवा सांगू की नको हे ठरवत असतो. त्याला तेवढा वेळ द्यायचा नसेल तर या कामाला बसूच नये. आणि रीलसाठी ६० सेकंदांचा झणझणीत तुकडा हवा म्हणून म्हाताऱ्या माणसाला तासभर बसवणं मला मुळीच मान्य नाही.

"कुठल्या साली?"

नवी मुंबईत घणसोली, दिवाळे, करावे, कुठल्याही गावठाणात जा आणि आजीला साल विचारा. "मना नाय ठाव," असं म्हणून ती गप्प होईल. वर तिला वाटेल की आपण नापास झालो. मग ती सुनेला हाक मारेल, सून मुलाला, आणि बैठक मोडेल.

माणसं साल लक्षात ठेवत नाहीत, पण आधी-नंतर पक्कं ठेवतात. म्हणून मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर खुणा लिहून ठेवल्यात: वाशीचा खाडीपूल १९७३, गिरण्यांचा संप जानेवारी १९८२, उरण तालुक्यातल्या जमीन आंदोलनातला गोळीबार जानेवारी १९८४, वाशीला लोकल १९९२, २६ जुलैचा पूर २००५. मग विचारायचं, "आजी, धाकटा झाला तेव्हा पूल झाला होता का हो?" लगेच उत्तर येतं: "छे, तवा होरीनं जायचं." बघा, सालही अंदाजे कळलं आणि होडीची गोष्टही आली. अशी एक यादी स्वतःच्या गावाची, वसाहतीची करून ठेवा. त्यात घरातल्या खुणाही घाला: थोरलीचं लग्न, पहिला टीव्ही, सासूबाई गेल्या ते वर्ष.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे आपल्याला हवी तीच गोष्ट काढायला जाणं. १९८४ च्या आंदोलनाबद्दल सगळ्यांनाच ऐकायचं असतं. त्यात पाच जणांचा जीव गेला, ते ऐकलंच पाहिजे. पण एखाद्या आजीला त्या दिवसापेक्षा मिठागरात अनवाणी चालून पायांना पडलेल्या चिरा आठवत असतील, तर आधी त्या चिरा ऐका. तिथून ती आपसूक आंदोलनापर्यंत येते. मधेच ओढून आणलीत तर वर्तमानपत्रात छापून आलेलंच तुम्हाला परत सांगेल.

आवाजाचं थोडं

ठाण्यात शांत खोली मिळत नाही, हे धरूनच चाला. घोडबंदर रोडला बांधकामाचं ड्रिलिंग, जुन्या इमारतीत लिफ्टची धून, रस्त्यावर मागे येणाऱ्या गाड्यांचं संगीत. वेळ ठरवताना मी पहिला प्रश्न विचारते, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" पाण्याच्या वेळेला गेलात तर अर्धं लक्ष बादलीकडे असतं. संध्याकाळी मालिकांच्या वेळेलाही जाऊ नये. जेवण, वामकुक्षी आटोपल्यावर दुपारी तीन ते पाच, ही माझी वेळ.

पंखा बंद करा, असं सगळे सांगतात. मी करत नाही. मे महिन्यात ऐंशी वर्षांच्या माणसाला घामाने निथळत बसवून कसली आठवण येणार? पंखा एकवर ठेवायचा, खुर्ची थेट वाऱ्याखालून बाजूला घ्यायची, आणि कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावायचा. लांब ठेवलेल्या महागड्या माइकपेक्षा जवळ लावलेला साधा माइक बरा. फोन काचेच्या टीपॉयवर ठेवून लांबून रेकॉर्ड करणाऱ्यांना तर मी सांगून थकले.

बायकांना माइक लावताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. पदराला लावला तर पदर सरकतो आणि जरीकाठ घासून खरखर येते. मधोमध लावला तर मंगळसूत्राची वाटी त्यावर टकटक आपटते, आणि ती टकटक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही. मी खांद्याजवळ, ब्लाउजच्या काठाला लावते, तोही त्यांच्याच हाताने. मग एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनने ऐकते. "सकाळी काय खाल्लंत?" एवढं विचारलं की चाचणीही होते आणि गप्पाही सुरू होतात.

बाकी भराभर सांगते. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर मधे फोन येणारच. रेकॉर्डिंग वेव्ह (.wav) फाईलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकचं तासाला साधारण अर्धा जीबी होतं, तेवढी जागा आधी मोकळी करा. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. काटा शून्याला लागला की आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे. घरी आल्याबरोबर, चहाच्या आधी, दोन ठिकाणी कॉपी.

आतल्या खोलीतला आवाज गप्प करणं

कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत एका काकांकडे गेले होते. साताऱ्याकडचं गाव, सोळाव्या वर्षी मुंबईत, मशीद बंदरला गाळ्यात वीस जणांत पथारी. पाठीवर क्विंटलची पोती. १९६९ चा माथाडी कायदा, माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील यांच्या सभा, मग कांदा-बटाटा बाजार वाशीला आला तसे तेही खाडीपल्याड आले. पोती ओढायचा लोखंडी आकडा अजून दारामागच्या खिळ्याला होता, मूठ झिजून गुळगुळीत झालेली.

ते बोलत होते आणि काकू स्वयंपाकघरातून मधे मधे बोलत होत्या. "अवो, पाऊस न्हवता तवा, शिमगा व्हता." रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून मी आत जाऊन म्हटलं, "काकू, जरा थोडा वेळ..." त्या बिचाऱ्या गप्प झाल्या.

घरी येऊन ऐकलं तेव्हा कळलं. पुढच्या तासाभरात काकांनी तीन वेळा आत बघून विचारलंय, "कोण गं आलं हुतं तवा?" आणि तिन्ही वेळा आतून उत्तर नाही. ज्या माणसाकडे निम्मी गोष्ट होती, त्यालाच मी गप्प केलं होतं.

पंधरा दिवसांनी परत गेले, दोन माइक घेऊन. या वेळी काकूंना काकांशेजारी बसवलं. लग्नानंतर ११ वर्षं त्या गावाला सासू-सासऱ्यांपाशी होत्या. काका यात्रेला आणि दिवाळीला यायचे, एरवी दर महिन्याला मनीऑर्डर. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात मनीऑर्डरीचे चिटोरे होते, चार ओळी लिहायची जागा असायची ते. "मला वाचाया येत न्हवतं," त्या म्हणाल्या. "पोस्टमन वाचून दावायचा, मामंजींच्या म्होरं. म्हणून ह्यांनी माझ्याबद्दल कधी एक अक्षर लिवलं न्हाई."

काका म्हणाले, "'सर्वांस नमस्कार' लिवायचो की. ते तुलाच."

काकू काही बोलल्या नाहीत. मीही वीस मोजले.

तर घरातला दुसरा माणूस मधे बोलत असेल तर त्याला दुसरा माइक लावा. आणि नंतर एकदा त्याला एकट्यालाही भेटा, कारण बायका नवऱ्यासमोर आणि पाठीमागे एकाच दिवसाची वेगवेगळी गोष्ट सांगतात आणि दोन्ही खऱ्या असतात.

तसं पाहिलं तर प्रश्न विचारणारा घरचाच असेल तर उत्तम. अमेरिकेत स्टोरीकॉर्प्स हा उपक्रम २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातल्या एका छोट्या खोलीत सुरू झाला. तिथे एकमेकांना ओळखणारी दोन माणसं समोरासमोर बसून ४० मिनिटं बोलतात. मला त्यातली वेळेची शिस्त फार आवडते. तीन-तीन तास बसू नका. तासाभराने थांबा, परत जा. दुसऱ्या भेटीत माणूस स्वतःहून सांगतो.

लिहून काढताना

मशीनकडून लिहून घेणं हा शॉर्टकट मला पटलेला नाही. शहरी मराठी ते बऱ्यापैकी लिहितं, पण आगरी बोली त्याच्या हाती द्यायची नाही. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधाला जी झडप असते तिला उघाडी म्हणतात. एका मुलीच्या कागदांवर सगळीकडे "उघडी" झालं होतं आणि तिला ते खटकलंही नव्हतं, कारण तिने फाईल परत ऐकलीच नव्हती. एक तास लिहायला मला सहा-सात तास लागतात. लागू देत. आणि "मना"चं "मला" करू नका, "होरी"ची "होडी" करू नका. अर्थ समासात लिहा.

परवानगी फक्त सुरुवातीला घेऊन भागत नाही. सगळं बोलून झाल्यावर पुन्हा विचारा की यातलं काही काढायचं आहे का. नवी मुंबईत गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून भावाभावांत कोर्ट चालू असतं. आजीचं एक सहज वाक्य कुणाच्या वकिलाच्या हाती लागू शकतं. त्यांनी "हे नको" म्हटलं की त्यांच्यासमोर कापा.

आणि निघायची घाई करू नका. "झालं का? बरं, चहा घे," असं म्हणून माणूस सैल होतो आणि खरं बोलणं तिथे सुरू होतं, बऱ्याचदा आपण दारात चपला घालत असताना. मी आता सांगूनच ठेवते: "चहा होईपर्यंत चालू राहू दे हं." त्यांनी हो म्हटलं तर माइक तसाच ठेवते, आणि चपला शेवटी घालते.